पाळणाऱ्यांचा गोतावळा

प्राण्यांच्या निवाऱ्यांत काम करणारे सांगतात, सकाळी फाटक उघडायला गेलं की कधीकधी बाहेर एखादा कुत्रा बांधलेला असतो. गळ्यात पट्टा, नीट राखलेले केस, ‘बस’ म्हटलं की बसणारा. कालपर्यंत तो कुणाच्या तरी घरातला असतो. त्याला सोडून जाणाऱ्याचा आपल्याला राग येतो आणि तो रास्तच आहे. पण त्यामागच्या गोष्टी ऐकल्या तर बदली, नवा घरमालक, सोसायटीची नोटीस, न परवडणारी शस्त्रक्रिया, आजी-आजोबांचं अंथरुणाला खिळणं हेच पुन्हा पुन्हा कानावर येतं. माझी ठाम समजूत आहे, की यातल्या कितीतरी घरांत माया होती. वेळेला धावून येणारं माणूस नव्हतं.

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र 10 ते 50 रुपये. एवढ्याशा दंडाच्या धाकाने कुणी थांबणार नाही. प्राणी घरात टिकतो तो पाळणाऱ्याभोवती उभ्या असलेल्या आधाराने.

परळची पुण्याई

हा आधार उभा करण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. 1832 च्या जून महिन्यात मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. अंत्यविधीतही त्याची नजर मृतदेहावर पडावी लागते. पुढे 1874 मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था स्थापन झाली. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई यांच्या नावाचं प्राण्यांचं रुग्णालय उभं राहिलं. त्याच आवारात 1886 साली मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. दान, उपचार आणि शिक्षण असे तिन्ही धागे तिथे एकत्र आले. 2024 च्या जुलैमध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं पाच मजली लघुप्राणी रुग्णालय सुरू झालं, तेव्हा या शहराने आपल्याच परंपरेत भर घातली.

मुंबईबाहेरच्या वाचकांनीही लक्षात ठेवावं, की महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालयं नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथेही आहेत. अशा महाविद्यालयांच्या दवाखान्यांत शिकवणारे तज्ज्ञ स्वतः प्राणी तपासतात आणि खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने फक्त गाई-म्हशींसाठी असतात हा समज चुकीचा आहे. रेबीजची लस कुत्र्या-मांजरांना तिथे देतात. ‘पैसे नव्हते म्हणून उपचार राहिले’ असं म्हणण्याआधी या दारांवर जरूर जावं.

गोव्याने करून दाखवलं

एकट्याने करून भागत नाही अशी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे रेबीज. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगावर इलाज उरत नाही. म्हणून चावा बसताच जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच लशीसाठी दवाखाना गाठायचा. वस्तीतल्या सुमारे 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली, की रोगाची साखळी तुटते. आपला एक कुत्रा लस टोचून सुरक्षित झाला तरी गल्ली सुरक्षित होत नाही, ती यासाठीच.

गोव्यात ‘मिशन रेबीज’ ही संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून हे काम वर्षानुवर्षं नेटाने केलं. पथकं घरोघरी गेली. भटकी कुत्री जाळ्यांत धरून, लस टोचून जागच्या जागी सोडली. शाळांत मुलांना चाव्यापासून कसं जपायचं ते शिकवलं, संशयित कुत्र्याची खबर देण्यासाठी फोनची सोय केली. 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. दरवर्षी 28 सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाला ठिकठिकाणी मोफत लसीकरणाची शिबिरं होतात. आपल्या प्राण्याबरोबर गल्लीतली दोन कुत्रीही तिथवर नेली, तर ते खरं शेजारधर्माचं काम होईल.

जिन्यातला शेजार

शहरात प्राण्यावरून होणारी भांडणं बहुधा सोसायटीत होतात. 1962 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: बहुमताने ठराव करूनही सोसायटीला प्राणी पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही सरसकट नाकारता येत नाही. त्याच सूचना पाळणाऱ्याकडूनही अपेक्षा ठेवतात. साखळी हातात हवी, घाण उचलायला हवी, लसीकरण वेळेवर हवं. महापालिकेचा परवाना काढलेला असावा. हक्क सांगणाऱ्याने ही बाजू चोख ठेवली, तर शेजाऱ्यांचा विरोध पुष्कळ निवळतो.

एकाच सोसायटीतल्या पाच-सहा पाळणाऱ्यांनी एकमेकांचे फोन नंबर, घराच्या किल्ल्या आणि प्राण्यांच्या सवयी ठाऊक करून घ्याव्यात. कुणाला अचानक इस्पितळात दाखल व्हावं लागलं, तर संध्याकाळची फेरी आणि दोन वेळचं खाणं त्यामुळे चुकत नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी तर ही सोय औषधाइतकी गरजेची आहे. मांजर हीच ज्यांची दिवसभराची सोबत, त्यांना ‘आता झेपत नाही, देऊन टाका’ असा सल्ला देणं सोपं असतं. आठवड्यातून दोनदा वाळूचा डबा साफ करून देणं जास्त मोलाचं आहे.

रक्ताचं नातं

गोचीडतापात किंवा पार्व्होत कुत्र्याचं रक्त झपाट्याने कमी होतं आणि मग रक्त चढवण्यावाचून पर्याय राहत नाही. प्राण्यांच्या रक्तपेढ्या आपल्याकडे फार थोड्या आहेत, त्यामुळे ऐनवेळी दाता शोधावा लागतो. साधारण 25 किलोंपेक्षा जास्त वजनाचा, तरुण, निरोगी आणि लसीकरण झालेला कुत्रा रक्त देऊ शकतो. कुत्र्याला पहिल्यांदा रक्त चढवताना सहसा मोठा धोका नसतो. मांजराचं तसं नाही: दुसऱ्या गटाच्या रक्ताविरुद्धची प्रतिपिंडं त्याच्या अंगात बहुधा आधीपासूनच असतात, म्हणून रक्तगट तपासल्याशिवाय रक्त देता येत नाही. धट्ट्याकट्ट्या कुत्र्याच्या मालकाने आपल्या डॉक्टरांकडे दाता म्हणून नाव नोंदवून ठेवलं, तर एखाद्या रात्री दुसऱ्याच्या घरातला जीव वाचेल.

दिवाळीच्या दिवसांत

फटाक्यांना घाबरून कुत्री पट्टा तोडून पळतात ती याच दिवसांत. फिरणं दिवेलागणीआधी उरकावं, खिडक्या लावून घ्याव्यात, आतल्या खोलीत त्याची हक्काची जागा करावी. पट्ट्यावर फोन नंबर असावाच. कातडीखाली बसवलेली चिप प्राणी कुठे आहे हे सांगत नाही. कुणी त्याला दवाखान्यात नेऊन यंत्राने तपासलं, तरच मालकाचा पत्ता लागतो. फराळातले बेदाणे, चॉकलेट आणि कांदा कुत्र्यांना बाधतात. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते, म्हणून घरचं औषध देण्याआधी डॉक्टरांना फोन करावा.

निरोपाची सोय

प्राणी गेल्यावर त्याला कुठे न्यायचं, या प्रश्नाने माणूस अगदी हवालदिल होतो. मुंबई महापालिकेने 2023 मध्ये मालाडला गॅसवर चालणारी प्राण्यांची दहनभट्टी सुरू केली आणि ही अडचण सार्वजनिक जबाबदारी मानली. प्रत्येक शहराला अशी सोय हवी, नागरिकांनी ती मागायला हवी. ‘कुत्रंच तर होतं’ म्हणून त्या घरच्या दुःखाची बोळवण करू नये. चार माणसं भेटायला गेली, की तेही हलकं होतं.

उलटही घडू शकतं: प्राणी राहतो आणि सांभाळणारा जातो. आपल्या कायद्यात प्राण्याच्या नावाने मालमत्ता ठेवता येत नाही. पण त्याला कोण सांभाळेल हे इच्छापत्रात लिहिता येतं आणि त्या व्यक्तीकडे खर्चाची रक्कम ठेवता येते. पन्नाशीनंतर पोपट किंवा पिल्लू आणणाऱ्याने हे आधीच ठरवावं.

प्राणी आणण्याआधी आपण जात बघतो, रंग बघतो, किंमत विचारतो. त्याच वेळी विचारावं, की आपल्याला जमलं नाही त्या दिवशी याच्यासाठी कोण येईल? त्या प्रश्नाला दोन नावं सुचली, तर खुशाल आणावा. आणि आधीपासून प्राणी पाळणाऱ्या शेजाऱ्याच्या यादीत दुसरं नाव आपलं असावं, हे आपण होऊन त्याला सांगावं.