ओटा कोणाच्या मापाचा?

किचन रिनोव्हेट करायचंय? मग आधी डबेवाली शोधा! आमच्या नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, सावेडीतल्या फ्लॅटमध्ये सध्या फ्रिज हॉलमध्ये आहे, शेगडी गॅलरीत आणि भांडी बाथरूममध्ये. धूळ मात्र लॅपटॉपपासून लोणच्याच्या बरणीपर्यंत सगळीकडे, अगदी फ्री!

फोडाफोड दोन दिवसांत उरकते. वेळ खातं ते सिमेंट. त्याला किमान सात दिवस पाणी मारावंच लागतं, नाहीतर भेगा पडतात. ओट्याला या वेळी ग्रॅनाइट. कडप्पा पडला चुनखडीचा दगड, लिंबू-चिंचेने त्याची पॉलिश जाते.

खरा वाद पेटला उंचीवरून. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "३४ इंच, स्टँडर्ड!" आई चार फूट दहा इंच. कणीक मळताना तिचे खांदे कानाला लागणार, त्याचं काय? बाबांना वेगळीच काळजी, "उद्या फ्लॅट विकायचा झाला तर?"

१९२६ साली मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी बायकांची पावलं वाचवणारं 'फ्रँकफर्ट किचन' आखलं. आजच्या मॉड्युलर किचनची ती आजीच. पण तोवर आपण कधी स्वयंपाकच केला नव्हता, असं बाईंनीच पुढे सांगितलं!

आमच्याकडे तज्ज्ञ घरातच होती. आईला उभं केलं, कोपरापासून चार-पाच इंच खाली माप घेतलं. ३१ इंच, फायनल! रविवारी पास्ता करताना मला थोडं वाकावं लागेल. रोज दोन वेळा रांधणारीचे खांदे दुखण्यापेक्षा ते बरं.

तेव्हा मंडळी, टाइल्सचा रंग नंतर निवडा. आधी टेप घ्या आणि रोज रांधणाऱ्याला गाठा!