बाळाचे पहिले बूट घेताना

बाळ भिंतीला धरून उभे राहू लागले, की घरात बुटांचे बोलणे निघते. आजीला वाजणारे बूट हवे असतात. वडील म्हणतात, "आणायचेच तर वाढत्या मापाचे आणू, वर्षभर तरी पुरतील." हौसही खरी आणि काटकसरही खरी. पण यात बाळाच्या पायाचा विचार राहून जातो.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. मूल बुटांमुळे चालायला शिकत नाही. अनवाणी मूल तळव्याने जमिनीचा अंदाज घेते, बोटे रोवून तोल सांभाळते. म्हणून घरात, ओसरीवर, झाडलेल्या अंगणात त्याला खुशाल अनवाणी चालू द्या. तळवा सपाट दिसला तरी घाबरू नका. या वयात तळव्याखाली चरबीची गादी असते. पायाची कमान पुढे काही वर्षांनी दिसू लागते.

मग बूट कशासाठी? पाय जपण्यासाठी. अंगण ओलांडले की सराटे, बाभळीचे काटे, काचा, गंजके खिळे आणि उन्हाळ्यात तापलेला फुफाटा. शिवाय उघड्यावर शौचाला बसतात तिथल्या ओलसर मातीत अंकुशकृमीच्या अळ्या असतात. त्या अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात. पुढे हे जंत आतड्यात राहून रक्त शोषतात आणि मूल फिके पडते. म्हणून शेतावर, गोठ्याकडे, पाणंदीने जाताना बूट हवेतच.

आता मापाचे. बाजारात बहुधा एकटे वडीलच जातात आणि दोऱ्याने किंवा वितीने घेतलेले माप चुकते. त्यापेक्षा असे करा. संध्याकाळी बाळाला जाड पुठ्ठ्यावर उभे करा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि उभे राहिल्यावर तो पसरतो. पेन्सिल सरळ धरून दोन्ही पायांची रेघ काढा. जो पाय मोठा, त्याच्या बोटांपुढे आणखी सुमारे 1 सेंटिमीटर जागा सोडून पुठ्ठा कापा. तो बाजारात नेऊन बुटात घालून पाहा. न दुमडता सपाट बसला तर माप बरोबर.

फार मोठा बूट टाचेतून निसटतो. मूल बोटे आवळून चालते आणि पडते. घट्ट बूट त्याहून वाईट. लहान मुलाची हाडे कोवळी असतात, बोटे आत मुडपली तरी ते रडेलच असे नाही. त्याला सांगता येत नाही, म्हणून आपणच पाहायचे. बूट काढल्यावर पायावर लाल वळ दिसले, तर तो बूट लहान झाला असे समजावे.

बूट हातात घेऊन चवड्याच्या जागी वाकवून पाहा. तो तिथे सहज वाकला पाहिजे. तळ पातळ पण काटा न शिरणारा, न घसरणारा असावा. पुढचा भाग रुंद हवा, टाच उंच नको. पायात धरून राहील असा पट्टा किंवा बंद हवा. कापडी किंवा मऊ कातडी बूट बरे. बंद प्लास्टिकच्या बुटात पाय घामेजतो. थोरल्या भावंडाचे बूट तळ एका बाजूला झिजला असेल तर धाकट्याला घालू नका.

या वयात पाय झपाट्याने वाढतो, बूट तीन-चार महिन्यांतच लहान होतात. म्हणून महागड्या जोडापेक्षा साधा, बरोबर मापाचा एकच जोड घ्यावा. खरी काटकसर हीच. दीड-दोन महिन्यांनी पुठ्ठ्याचे माप पुन्हा घ्यावे. बूट घालण्यापूर्वी रोज झटकावे. आत विंचू असू शकतो. काटा-खिळा लागला तर जखम धुऊन दवाखान्यात दाखवावे. 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यानची धनुर्वाताचा समावेश असलेली त्रिगुणी लस चुकवू नये.

दीड वर्ष झाले तरी मूल चालत नसेल, लंगडत असेल किंवा नेहमीच चवड्यावर चालत असेल, तर बूट बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

येत्या बाजाराला जाण्याआधी पुठ्ठा कापून पिशवीत ठेवा, एवढे केले तरी पुष्कळ झाले.