जुन्या लष्करी बंदुका व त्यांवरील अक्षरें

युद्ध संपलें म्हणजे सैनिक घरीं परततात. परंतु त्यांच्या हातांतील शस्त्रांचें पुढें काय होतें, हा विचार आपल्या मनांत सहसा येत नाहीं. इ. स. १९१४ ते १९१८ व १९३९ ते १९४५ ह्या दोन महायुद्धांत निरनिराळ्या राष्ट्रांनीं लक्षावधि बंदुका घडविल्या. पुढें नवीन तऱ्हेचीं शस्त्रें निघालीं, आणि कोठारांत पडून राहिलेल्या जुन्या बंदुका सरकारांनीं अल्प किंमतीस विकून टाकल्या. त्या घेऊन जतन करणारा एक छांदिष्ट वर्ग इंग्लंड, अमेरिका इत्यादि देशांत निर्माण झाला. अमेरिकेंत पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राहिलेल्या बंदुकीस कायद्यानें पुराणवस्तूचा दर्जा मिळतो, व तिच्या संग्राहकासाठीं निराळा परवाना आहे.

मनुष्यहत्येसाठीं घडविलेल्या वस्तूंचा संग्रह ख्रिस्ती मनास रुचावा काय, असें कोणी विचारील, आणि तें विचारणें योग्यच आहे. ह्याचें उत्तर संग्राहकाच्या दृष्टीवर अवलंबून आहे. बंदूक शस्त्र म्हणून मिरविणें निराळें, आणि एखाद्या शिलालेखाप्रमाणें ती वाचणें निराळें.

उदाहरणार्थ, 'थ्री-नॉट-थ्री' ह्या नांवानें आपल्याकडे प्रसिद्ध असलेली ली-एन्फील्ड रायफल घेऊं. जेम्स पॅरिस ली ह्यानें योजिलेला बोल्ट आणि लंडनजवळील एन्फील्डच्या कारखान्यांत ठरविलेली नळी ह्यांच्या संयोगानें ती १८९५ सालीं सिद्ध झाली. १९०४ मध्यें तिची आंखूड जात निघाली, व १९०७ मध्यें त्या जातीचा तिसरा नमुना आला. तिच्यांत एका वेळीं दहा काडतुसें राहतात. लांकडी दस्ता जेथें लोखंडास मिळतो, तेथील कड्यावर उजव्या बाजूस तिची जन्मपत्रिका कोरलेली असते. वर राजमुकुट, त्याखालीं राजाचीं आद्याक्षरें, मग कारखान्याचें नांव, सन व नमुना. एन्फील्ड, ऑस्ट्रेलियांतील लिथगो किंवा आपल्या बंगालमधील ईशापूर, हें त्यावरून तत्काळ कळतें. ईशापूरच्या कांहीं बंदुकांवर 'जी. आर. आय.' अशीं अक्षरें आढळतात. जॉर्ज, राजा व सम्राट असा त्यांचा अर्थ.

ह्याशिवाय नळी, बोल्ट इत्यादि भागांवर एकच क्रमांक असतो. प्रत्येक बोल्ट त्या त्या बंदुकीस बेतून बसवीत, म्हणून हे क्रमांक जुळले तर ती बंदूक बहुधा मोडतोडीवांचून राहिली, असें समजावें. दोन बाणांचीं टोंकें एकमेकांस भिडविलेलीं दिसलीं, तर सरकारनें ती विकून टाकली होती. 'डी. पी.' हीं अक्षरें असलीं, तर ती केवळ कवायतीसाठीं होती व तिच्यांतून गोळी झाडणें धोक्याचें. पुढील लांकडावर तार गुंडाळलेली असली, तर तिच्यांतून हातगोळे फेंकीत असत. तो जबर धक्का सोसावा म्हणून ती तार.

अज्ञ संग्राहक अशा बंदुकीस घांसून, रोगण चढवून नवी करूं पाहतो. तसें करतांना तो अक्षरेंच पुसून टाकतो, आणि हातीं उरतें तें मुकें लोखंड. राखणें म्हणजे सजविणें नव्हे, हा ह्या छंदाचा पहिला नियम होय.

आपल्या देशांत १९५९ च्या शस्त्रकायद्याप्रमाणें परवान्यावांचून बंदूक बाळगतां येत नाहीं, व थ्री-नॉट-थ्रीसारख्या लष्करी मापाच्या बंदुका सामान्य नागरिकास निषिद्ध आहेत. म्हणून विद्यार्थ्यांनीं तिचा मोह धरूं नये. शेतांत किंवा अडगळींत जुनें काडतूस सांपडलें, तर त्यास हात न लावतां वडील माणसांकरवीं पोलिसांस कळवावें.

परंतु वाचनाची हीच विद्या आपल्या घरांतही चालविण्यासारखी आहे. २९ एप्रिल १९१६ रोजीं मेसोपोटेमियांत कूट येथें जें सैन्य शत्रूच्या हातीं गेलें, त्यांत मराठा पलटणीही होत्या. अशा शिपायांस मिळालेलीं पदकें आजही कोंकणांत व देशावर जुन्या पेट्यांच्या तळाशीं असतील. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश पदकाच्या कडेवर त्या शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण हीं उमटविलेलीं असतात. लढवय्यांस तें चांदीचें मिळे. मजूर-पथकांतील पुष्कळांस मात्र ब्राँझचें. दुसऱ्या महायुद्धाचीं पदकें इंग्रज शिपायांस नांवावांचून दिलीं गेलीं, पण हिंदी शिपायांच्या पदकांवर नांवें घातलीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

चांदीचा भाव चढला म्हणजे अशीं पदकें सोनाराच्या मुशींत जातात. दोनचार तोळे चांदी हातीं येते. पण परदेशीं जाऊन पडलेल्या, किंवा परत येऊन अबोल झालेल्या एका माणसाचें नांव कायमचें वितळून जातें. कित्येक घरीं त्याच्यामागें दुसरा कागद नसतो, चित्रही नसतें.

तरी ह्या सुटींत प्रत्येकानें आपल्या आजोबांस व आजीस घरच्या पेटीविषयीं विचारावें. पदक, बिल्ला किंवा पत्र मिळाल्यास तें उजळूं नये. त्यावरील प्रत्येक अक्षर वहींत उतरून घ्यावें, आणि तो कोणाचा कोण, कोठें गेला, परतला कीं नाहीं, हें वडील माणसें हयात आहेत तोंवर लिहून ठेवावें. युद्धाची थोरवी गाण्यासाठीं हें करावयाचें नाहीं. युद्धानें माणसांस क्रमांक दिले. त्या क्रमांकापुढील नांव राखणें, हें आपलें काम आहे.