परसबागेचे स्थलांतर

परसबाग घराच्या मागेच असावी, असा आपल्याकडे जणू संकेतच आहे. मराठीतले 'परस' काय किंवा कन्नडमधले 'हित्तल' काय, दोन्हींचा अर्थ घरामागची जागा. न्हाणीघराचे पाणी मागे जाते, स्वयंपाकघर मागे असते, म्हणून भाजीही मागे. ही सोय माणसाची झाली; भाजीच्या सोयीचा विचार निराळा करावा लागतो.

मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड येथे माझी मावशी व काका राहतात. हिंदुस्तान कॉपरचा तेथील तांब्याचा प्रकल्प १९८२ साली राष्ट्राला अर्पण झाला. त्याच्याच वसाहतीत त्यांचे क्वार्टर आहे. घराचे तोंड दक्षिणेला, म्हणजे परस उत्तरेला. पावसाळ्यात तेथे दोडका आणि दुधी उत्तम येत. मात्र कार्तिक लागला की टोमॅटो व वांगी नुसतीच उंच वाढत, फळ नावापुरते. मावशी दरवर्षी शेणखत वाढवी. कारण खताचे नव्हते, सावलीचे होते.

मलाजखंड सुमारे २२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास तेथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेचव्वेचाळीस अंश वर असतो. अशा वेळी दहा फूट उंचीच्या भिंतीची सावली उत्तरेकडे दहा फूट पडते. जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि हीच सावली नाहीशी होते. उन्हाळ्यात जागा पाहून बाग आखणारा हमखास फसतो तो येथे. आपल्या बेळगावातही डिसेंबरात अशा भिंतीची सावली आठ फुटांच्या आसपास भरेल. उपाय सोपा आहे. डिसेंबरातील एका निरभ्र दिवशी तासातासाला सावलीच्या कडेवर काड्या रोवाव्यात. जेथे सहा तास ऊन मिळते ती जागा टोमॅटो, वांगी, मिरचीची. मेथी, पालक, कोथिंबीर चार तासांवरही भागवतात.

आता मातीचे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला ही बाब विशेष महत्त्वाची वाटते, कारण बागेचे खरे भांडवल म्हणजे वर्षानुवर्षे खत घालून तयार झालेला वरचा सहा इंचांचा थर. नव्या जागी बाहेरून माती आणण्याकडे लोकांचा ओढा असतो. कन्नडमध्ये 'हित्तल गिड मद्दल्ल' म्हणतात, परसातल्या झाडाला कोणी औषध मानत नाही; परसातल्या मातीचेही तसेच. खाणीच्या गावी तर भरावाची माती कोठून येते हे विचारलेच पाहिजे. तेथील धातुकात तांब्याबरोबर लोह व गंधक असते, आणि अशा दगडाचा चुरा हवापाण्याच्या संपर्कात आला की आम्ल तयार होते. ते भाजीला मानवत नाही. जुन्या मातीलाही एक अट आहे. जेथे सतत वांगी-टोमॅटो घेतले, त्या मातीत मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी व मर रोगाचे जंतू असू शकतात. ती नव्या वाफ्यात टाकून पुन्हा टोमॅटो लावणे म्हणजे कर्जासह दुकान हलवणे. मावशीने म्हणून दोडक्याच्या मांडवाखालची माती निवडली.

काकांच्या निवृत्तीला तीन वर्षे उरली आहेत, मग क्वार्टर परत करावे लागेल. एवढ्यासाठी हा खटाटोप कशाला, असे त्यांचे म्हणणे. मी हिशेब मांडला. मागे झालेले श्रम त्यात धरायचे नाहीत. ते परत येत नाहीत. दहा फूट बाय पाच फूट वाफ्याला सहा इंच माती म्हणजे पंचवीस घनफूट, अदमासे नऊशे किलो, म्हणजे पंधरा किलोची साठ घमेली. हा खर्च एकदाचा. रोजचा खर्च पाण्याचा : उन्हाळ्यात दिवसाला वीस-पंचवीस लिटर, दोन बादल्या, आणि नळ मागच्या बाजूला. समोर आल्यास तीन हिवाळ्यांची टोमॅटो-मिरची. काका दोन बादल्यांना तयार झाले, घमेल्यांना नाही. ती माझ्याकडे आली.

माती मेअखेर हलवली, म्हणजे पावसाने ती बसते. फळावर आलेली झाडे उपटून हलवू नयेत. त्यांचा हंगाम तेथेच संपू द्यावा. रोपे मात्र मुळांभोवतीच्या मातीसकट, संध्याकाळी लावून तीन-चार दिवस झाकावीत. शेवग्याची फांदी तोडून लावली तरी जगते. कढीपत्ता मोठा असेल तर त्याच्या वाटेला न जाता बुडाशी फुटलेले पिल्लू मुळासकट घ्यावे. मावशीने आळू आणि पुदिना हलवलाच नाही. न्हाणीच्या पाण्याची ओल त्यांना तेथेच मिळते, सावलीचीही तक्रार नाही.