समुद्रातल्या माशांचं गणित पोटात कसं पोचलं?

आजची गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची, इटलीतली. गोष्टीत एक होणारा सासरा आहे आणि एक होणारा जावई.

जावयाचं नाव उंबेर्तो दांकोना. हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ एड्रियाटिक समुद्राकाठच्या मासळी बाजारांच्या जुन्या नोंदी तपासत होता. फ्यूमे बंदराची पानं उलटताना तो थबकला. १९१४ साली बाजारात आलेल्या मासळीत शिकारी माशांचा, म्हणजे मुशी आणि पाकट यांच्या जातकुळीतल्या माशांचा वाटा होता सुमारे १२ टक्के. १९१८ साली तोच वाटा ३६ टक्क्यांवर गेला. १९२३ साली पुन्हा ११ टक्क्यांच्या आसपास. मधल्या काळात पहिलं महायुद्ध होतं आणि मासेमारी फारच कमी झाली होती. मासेमारी थांबली तर सगळेच मासे वाढायला हवेत ना? मग शिकाऱ्यांचाच वाटा एवढा का वाढला?

हे कोडं त्याने घातलं आपल्या होणाऱ्या सासऱ्यांना, रोमचे नामवंत गणिती वितो वोल्तेरा यांना. वोल्तेरांनी दोन समीकरणं मांडली, एक लहान माशांचं आणि एक शिकारी माशांचं. त्यातली खुबी नीट ऐका. एक मासा दुसऱ्याला खातो तो दोघांची गाठ पडली तर. लहान मासे १० आणि शिकारी २ असतील, तर जोड्या होतात २०. लहान २० झाले तर जोड्या ४०. शिकारीही दुप्पट, म्हणजे ४ झाले, तर थेट ८०. म्हणून वोल्तेरांनी दोन्ही संख्यांचा गुणाकार केला. तो गुणाकार लहान माशांच्या समीकरणात वजा होतो आणि शिकाऱ्यांच्या समीकरणात अधिक.

कोड्याचं उत्तर त्यातूनच निघालं. जाळं पडतं तेव्हा शिकारी मासा दोन्हीकडून मार खातो. तो स्वतः सापडतो, शिवाय त्याचं अन्नही पळवलं जातं. लहान माशाचं तसं नसतं. त्याचे काही भाऊबंद जाळ्यात जातात, पण त्याला खाणारेही घटतात. म्हणून मासेमारी थांबली की जास्त फायदा शिकाऱ्यांचा! हे १९२६ साली छापून आलं. अमेरिकेत आल्फ्रेड लोटका यांनाही जवळपास त्याच सुमारास, स्वतंत्रपणे, हीच समीकरणं सापडली होती. म्हणून आज त्यांना लोटका-वोल्तेरा समीकरणं म्हणतात.

आता समुद्र सोडू आणि आपल्या पोटात उतरू. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली हिशेब मांडला. ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी, तर जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी! त्या सगळ्या जिवाणूंचं वजन मात्र जेमतेम २०० ग्रॅम. त्यातले बहुतेक राहतात मोठ्या आतड्यात. तिथे कुणी कुणाचं अन्न पळवतं, कुणी दुसऱ्याने टाकून दिलेल्यावर जगतं, कुणी शेजाऱ्याला मारक रसायन सोडतं. माशांसारखीच नाती, पण शेकडो जातींची. नुसत्या १० जाती घेतल्या आणि कोणाचा कोणावर काय परिणाम होतो हे लिहायचं म्हटलं, तरी १०० आकडे लागतात. तिथे कागद-पेन्सिल पुरत नाही, संगणक लागतो.

तो कसा कामाला आला ते सांगतो. दवाखान्यात अँटिबायोटिक घेतलेल्या काही रोग्यांना सी. डिफिसिल नावाच्या जिवाणूमुळे भयंकर जुलाब होतात. औषधाने आतड्यातले नेहमीचे रहिवासी मरतात आणि हा शिरजोर होतो. पण सगळ्यांनाच तो गाठत नाही. मग काहींचं रक्षण कोण करतं?

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातल्या एरिक पामर यांच्या गटाने आणि त्यांच्या गणिती सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा पाठलाग केला. उंदरांना वेगवेगळी अँटिबायोटिक दिली. त्यांच्या लेंड्यांतल्या डीएनएवरून कोणते जिवाणू घटले आणि कोणते पुन्हा वाढले, याची वेळोवेळी नोंद ठेवली. रुग्णालयातल्या रोग्यांच्याही अशाच नोंदी घेतल्या. मग वोल्तेरांची समीकरणं अनेक जातींसाठी वाढवून संगणकाला विचारलं, की या चढउतारांशी जुळतील असे नात्यांचे आकडे कोणते? उंदीर आणि माणूस, दोन्हीकडच्या उत्तरांत एक नाव ठळकपणे पुढे आलं, क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स. शत्रूच्याच कुळातला हा जिवाणू त्याला रोखत होता!

संगणकाने बोट दाखवलं, पण खरं-खोटं प्रयोगानेच ठरतं. अँटिबायोटिकने दुबळ्या झालेल्या उंदरांना हा जिवाणू दिला, तेव्हा त्यांची रोगाशी झुंजण्याची ताकद वाढली. कारणही सापडलं. आपलं यकृत पित्ताम्ल बनवतं. त्याच्या एका रूपामुळे सी. डिफिसिलचे झोपलेले बीजाणू जागे होतात. सिंडेन्स मात्र पित्ताम्लाचं रूप बदलून असं आम्ल तयार करतो, की त्यात सी. डिफिसिलची वाढच खुंटते. हा शोध २०१५ साली ‘नेचर’ साप्ताहिकात छापून आला.

दुसरी एक वाटही शास्त्रज्ञ चालत आहेत. जिवाणूच्या जनुकांवरून तो कोणतं अन्न घेईल आणि काय बाहेर टाकेल, याची वाण्याच्या वहीसारखी जमाखर्चाची वही मांडायची. लक्झेंबर्ग विद्यापीठात इनेस थीले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली आतड्यातल्या ७७३ जिवाणूंच्या अशा वह्या जगापुढे ठेवल्या. २०२३ पर्यंत त्या ७,३०२ झाल्या आणि काही जिवाणू आपण गिळलेल्या औषधांचं काय करतात, तेही त्यात लिहिलं गेलं. एकाच्या खर्चाच्या बाजूला जे पडतं, तेच दुसऱ्याच्या जमेला कसं येतं, हे संगणक या वह्या एकत्र वाचून सांगतो.

मला या गोष्टीत मोलाचं वाटतं ते हे. सिंडेन्सला नुसत्या काचपट्टीवर एकटा पाहून कुणालाही कळलं नसतं की तो राखणदार आहे. त्याचं मोल त्याच्या शेजाऱ्यांबरोबरच्या नात्यात होतं, आणि ते नातं दिसलं दिवसामागून दिवस धीराने केलेल्या मोजणीतून. दांकोनाने बाजाराच्या कंटाळवाण्या नोंदी वाचल्या नसत्या, तर कोडंच पडलं नसतं.

म्हणून तुम्हाला दोन गोष्टी सांगतो. एक, वहीत नोंदी ठेवायला शिका. पाऊस मोजा, पक्षी मोजा, काहीही मोजा. दुसरी, साध्या सर्दीला कपाटात उरलेली अँटिबायोटिकची गोळी घेऊ नका. सर्दी विषाणूंमुळे होते, त्यांना ती गोळी काहीच करत नाही. मरतात ते आतड्यातले राखणदार. डॉक्टरांनी तपासून लिहून दिली, तर मात्र सांगितली तशी नेमाने घ्या, कारण खऱ्या जिवाणूजन्य आजारात तीच जीव वाचवते.