गोलापेक्षा चपटा बरा!

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कुणी रावेरकडचं असेल, तर त्याला केळीबद्दल मी काय सांगणार? कोवळ्या केळाला कंगोरे असतात. फळ भरत जातं तसे ते बुजतात आणि केळं गोलसर होतं. घड कापणीला आला की नाही, हे जाणकार माणूस या कंगोऱ्यांवरून ओळखतो.

आज गोष्ट सांगायची आहे ती उलटी. गोल वस्तूला मुद्दाम कंगोरे पाडण्याची! ही वस्तू म्हणजे काचेचा तंतू, अर्थात ऑप्टिकल फायबर.

रावेर स्टेशनावरून बऱ्हाणपूर-खांडव्याकडे रूळ जातात ना, त्यांच्या कडेने जमिनीखाली अशा तंतूंची केबल आहे. आपल्या देशात टेलिफोनसाठी असा तंतू पहिल्यांदा टाकला तो पुण्यात, १९७९ साली. तंतूची जाडी मिलिमीटरचा जेमतेम आठवा भाग. मधोमध गाभा, भोवती आवरण, दोन्ही काचेचेच. पण गाभ्याची काच थोडी निराळी असते. त्यामुळे आतून तिरका आलेला प्रकाश आवरणात न शिरता आरशावर आपटल्यासारखा मागे फिरतो. हेच पूर्ण आंतरिक परावर्तन. असा आपटत-आपटत प्रकाश कित्येक किलोमीटर जातो. इथवर गोल आकाराने काही बिघडत नाही.

बिघडतं ते लेसर बनवताना. पोलादी पत्रे कापणारे काही लेसर या तंतूतच तयार होतात. त्यांच्या गाभ्यात इटर्बियम नावाचं मूलद्रव्य मिसळलेलं असतं. त्याला बाहेरून प्रकाशाचा खुराक द्यायचा, की ते लेसर किरण देतं. पण हा खुराक बारीकशा गाभ्यात मावत नाही. म्हणून तो भोवतालच्या जाड आवरणात सोडतात, आणि त्याच्याबाहेर आणखी एक आवरण घालतात. आतल्या आवरणात प्रकाश इकडून तिकडे आपटेल आणि जाता-येता गाभ्याला भेटेल, असा हिशोब. गंमत अशी, की आवरण गोल असेल तर बराचसा प्रकाश गाभ्याला भेटतच नाही!

खोटं वाटतं? आईची एक बांगडी मागून घ्या. (काचेची असेल तर जपून!) कागदावर ठेवून वर्तुळ काढा, मधोमध मुगाचा दाणा ठेवा. कोनमापकाने वर्तुळावर ४५-४५ अंशांवर ८ खुणा करा. आता पहिल्या खुणेपासून चौथीपर्यंत रेघ ओढा, चौथीपासून सातवीपर्यंत, अशा तीन-तीन खुणा पुढे जात राहा. ही झाली प्रकाशाची वाट. ८ रेघांनंतर तुम्ही परत पहिल्या खुणेवर येता. चांदणी तर झकास दिसते, पण मूग कोरडाच! प्रत्येक रेघ केंद्रापासून सारख्याच अंतरावरून जाते. लाख वेळा फिरलात तरी तेच. खऱ्या तंतूत प्रकाश पुढेही सरकत असतो, म्हणून त्याची वाट स्क्रूच्या आट्यांसारखी होते. पण टोकाकडून पाहिलंत तर अशीच चांदणी दिसेल.

आता वर्तुळाची एक बाजू पट्टीने सरळ कापा, इंग्रजी डीसारखी. पुन्हा रेघा ओढा. सपाट बाजूवर रेघ ज्या कोनात येईल त्याच कोनात परत पाठवायची, एवढाच नियम. इथे खुणांचा उपयोग नाही, कोन मोजावे लागतात. थोडं किचकट आहे, पण करून बघाच. सपाट बाजूला आपटली की रेघेचं केंद्रापासूनचं अंतर बदलतं. शिस्त मोडली! एखादी रेघ लांबून जाते, एखादी जवळून, आणि कधी ना कधी मुगाला लागतेच. म्हणून या तंतूंचं आतलं आवरण डीसारखं, षटकोनी किंवा अष्टकोनी करतात.

काही तंतूंत गाभाच अंड्यासारखा लांबट असतो. प्रकाशलहरींचं कंपन उभं असेल तर उभंच, आडवं असेल तर आडवंच राहावं, यासाठी ती युक्ती. पण ती पुन्हा कधीतरी.

एवढ्या बारीक तंतूला कंगोरे पाडतात कसे? तंतूला नाही, आधी काचेच्या जाड कांडीला. तिच्या बाजू घासून सपाट करायच्या, मग भट्टीत सुमारे २००० अंश सेल्सियसला तापवून तिचा तंतू ओढायचा. कांडीचा आकार तंतूतही उतरतो. पण भट्टी फार तापली तर? पाण्याचा थेंब गोल होतो ना, तशी मऊ झालेली काचही गोल व्हायला बघते. मग कंगोरे बुजतात, आणि तंतू भरलेल्या केळासारखा गोलसर होऊन बसतो!