सेतुबांधणी यंत्राचे संकल्पन आणि संरचना विश्लेषणाची संगणक प्रणाली

पुलाच्या खांबांवर काँक्रीटचे गर्डर बसविणारे लाँचिंग गर्डर हे पोलादी कैच्यांचे यंत्र काम संपताच काढून नेले जाते. परंतु बांधणीच्या काळात कामगारांचे प्राण त्यावरच विसंबून असतात. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावर असे यंत्र कोसळून २० जणांचा मृत्यू झाला. अशा यंत्रांच्या संकल्पनात स्टॅड प्रो, सॅप २००० यांसारख्या प्रणालींचे साहाय्य व मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्ण झालेल्या पुलाचे आधार ठरलेले असतात. या यंत्राचे आधार मात्र प्रत्येक टप्प्यात बदलतात. पुढील खांबाकडे सरकताना त्याचा पुढचा भाग अधांतरी असतो. समजा, यंत्राचे स्ववजन दर मीटरला २० किलोन्यूटन व गाळा ४० मीटर आहे. दोन्ही टोकांना आधार असल्यास मध्यभागी नमन परिबल ४,००० किलोन्यूटन-मीटर येते. तेवढीच लांबी अधांतरी असल्यास आधारापाशी ते १६,००० होते. शिवाय एरवी ताण सोसणारा कैचीचा खालचा दांडा तेथे दाबाखाली येतो व बाजूला वाकून निकामी होऊ शकतो. म्हणूनच पुढील टोकास हलके ‘नाक’ जोडतात आणि प्रत्येक टप्प्याचे विश्लेषण स्वतंत्रपणे करावे लागते. शेकडो घटकांतील बले अल्पावधीत काढणे प्रणालीमुळे सुकर होते.

तथापि दोन गृहीतके तपासणे अगत्याचे ठरते. पहिले, दांड्याची परिणामी लांबी. ती न दिल्यास स्टॅड प्रो दोन सांध्यांमधील अंतरच ग्राह्य धरते. बाजूचे आडबंध प्रत्येक सांध्यावर नसतील, तर प्रत्यक्षात कमकुवत असलेला दांडा उत्तरात सुरक्षित दिसतो. दुसरे, आधाराचे स्वरूप. प्रतिकृतीतील साधा आधार यंत्राला खाली खेचूनही धरतो; प्रत्यक्षातील रोलर केवळ वर उचलून धरतो. मागील आधाराची प्रतिक्रिया ऋण आली, तर नांगरणी वा प्रतिभार नसलेले यंत्र पुढे कलंडेल, असाच त्याचा अर्थ होय.

सारांश, प्रणाली दिलेल्या प्रतिकृतीचे उत्तर देते. प्रतिकृती यथार्थ आहे की नाही, हे सांगत नाही. म्हणून विद्यार्थ्यांनी अधांतरी टप्प्याचे परिबल व आधारांच्या प्रतिक्रिया प्रथम हाताने काढाव्यात आणि मगच संगणकाच्या उत्तराशी ताडून पाहाव्यात. हा पाठ अभ्यासक्रमात रुजविणे अध्यापकांच्या हाती आहे.